मनमाडला डाग उतरतो

शिसवी कपाट, बेल्जियन आरसा, संगमरवरी माथ्याचे मेज अशा जुन्या वस्तू लांबच्या प्रवासात फुटल्या की आपण रस्त्याला दोष देतो. खड्डे असतातच. पण बहुतेक वस्तूंचा घात चालत्या गाडीत होत नाही, तो चढवता-उतरवताना होतो. ही गोष्ट समजून घ्यायला मनमाडसारखे दुसरे गाव नाही.

१९०० च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे सिकंदराबादहून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला येऊन मिळाली. मुंबईहून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेची लाईन ब्रॉडगेज, रुळांतले अंतर ५ फूट ६ इंच. निजामाची हैदराबाद–गोदावरी लाईन मीटरगेज, म्हणजे जेमतेम सव्वातीन फूट. एका रुळाचा डबा दुसऱ्यावर चालणे शक्यच नव्हते. त्यामुळे मुंबईहून मराठवाड्याकडे निघालेला डाग या वाटेने आला की मनमाडला एका वाघिणीतून काढून दुसरीत भरावा लागे. धान्याच्या पोत्याला किंवा कापसाच्या गाठीला त्याचे काही वाटत नाही. आरशाच्या कपाटाला वाटते. मनमाड–औरंगाबाद ११३ किलोमीटर. पण कपाटाच्या दृष्टीने तो प्रवास अंतराचा नव्हताच, दोन जादा उचलींचा होता. हैदराबादच्या श्रीमंत हवेल्यांची मात्र यातून सुटका होती, कारण वाडी–सिकंदराबाद ही ब्रॉडगेज लाईन १८७४ पासून चालू होती. जोखीम आली ती मधल्या गावांच्या वाट्याला. मनमाड–औरंगाबाद मार्ग ब्रॉडगेज व्हायला १९९० चे दशक उजाडले.

अशा उचलीत काय मोडते, त्याचे एक उदाहरण पाहा. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या मेडोज स्ट्रीट भागात शिसवाचे दाट कोरीव फर्निचर घडत असे. युरोपियन त्याला ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ म्हणत. जाळीदार पाठी, पानाफुलांच्या कडा, सिंहपंजाचे पाय. लाकूड जड, पण कोरीवकाम नाजूक, आणि हा जोड प्रवासात सर्वांत वाईट. खुर्चीचे सगळे वजन बैठकीत असते, हात मात्र जातो तो पाठीच्या जाळीला. घाईतला माणूस तिथेच धरून खुर्ची उचलतो आणि जाळीचा तुकडा हातात येतो. जुनी खुर्ची बैठकीच्या चौकटीखाली हात घालूनच उचलायची, हा पहिला नियम.

पूर्वी माल मुंबईहून आत जाई, आज प्रवाह उलटा आहे. येवला, चांदवड, नाशिक या भागातले वाडे उतरवले जातात आणि खांब, तुळया, झोपाळे, देव्हारे शहरांकडे निघतात. येवल्याच्या वाड्यातले आरशाचे कपाट पुण्याला न्यायचे आहे असे समजा. आधी कप्पे आणि खण बाहेर काढायचे. दारे बिजागरीवरून उतरवायची, पण बिजागरीचे जुने स्क्रू त्यांच्याच भोकांच्या क्रमाने कागदाला टोचून ठेवायचे. ते अदलाबदल झाले की दार पुन्हा सरळ बसत नाही. प्रत्येक सांध्यावर सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधायची, चिकटपट्टी लावायची नाही, कारण ती निघताना लाखेचे पॉलिश घेऊन निघते. बबल रॅप थेट पॉलिशवर गुंडाळला आणि गाडी उन्हात तापली तर त्याचे गोल ठसे पॉलिशवर कायमचे उमटतात. म्हणून आधी मऊ धुतलेले सुती कापड, मग जाड कागद, त्यावर रॅप. आरसा काढून उभाच न्यायचा. संगमरवरी माथाही उभाच. आडवा धरला तर मधोमध स्वतःच्या वजनाने तडकतो.

हवेचा हिशेब तर कुणीच करत नाही. उन्हाळ्यात मनमाड कोरडेठाक, पावसाळ्यात मुंबईची हवा ओलसर. आर्द्रता ८० टक्के असली की लाकडात साधारण १६ टक्के ओल मुरते, ३० टक्क्यांवर ती सहाच्या आसपास येते. ओल घटली की हातभर रुंदीची सागवानी फळी काही मिलिमीटर आकसते, लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. जुन्या सुताराला हे ठाऊक होते. म्हणून तो दाराची मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी ठेवी. पुढच्या मालकाने ती फेव्हिकॉलने पक्की केली की पहिल्याच उन्हाळ्यात ती चिरते. जुना सरस दमट हवेत सुटतो आणि गाडीच्या हादऱ्यांनी सैल झालेला कुसू खाचेतून निसटतो. नव्या घरी पोचल्यावर कपाटाचे वेष्टन लगेच उघडू नये, आणि ते एसीसमोर ठेवू नये.

परदेशी न्यायचे असेल तर प्रश्न आणखी आहेत. पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि तिची खासगी निर्यात होत नाही. शिवाय २०१७ पासून शिसवाच्या साऱ्या जाती साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात आल्या आहेत. खोक्याच्या लाकडालाही मध्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटे उष्णता दिल्याचा शिक्का लागतो.

वस्तू हलवून वाचवण्याचे मोठे उदाहरण पुण्यातच आहे. राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून पुन्हा उभे केले आहेत. सुट्या भागांतून खोली उभी राहते, ती उतरवणाऱ्याने कोणता भाग कुठला हे सांभाळले म्हणून.

मनमाडचे नाव आज धान्याच्या गोदामांमुळे आणि तेलाच्या डेपोंमुळे घेतले जाते, आणि गोदामांत काम चालते ते माणसांच्या खांद्यांवर. या कष्टकऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. जुन्या फर्निचरच्या व्यवहारात मात्र हमाल हा शेवटचा आणि सर्वांत स्वस्तातला खर्च समजला जातो. मला हे उलटे वाटते. चार माणसांचे कपाट दोघांवर सोपवले की ते भिंतीला घासते, उंबऱ्यावर आदळते, जिन्याच्या वळणावर कोरीव माथा जातो.

म्हणून वाचकहो, गाडी ठरवताना भाड्याइतकाच एक प्रश्न विचारा: वाटेत माल किती वेळा बदलणार? एकाच गाडीने दारातून दारात जात असेल तर थोडे जास्त पैसे द्या. बिल्टीवर खरी किंमत लिहून घ्या, ‘मालकाच्या जोखमीवर’ हे शब्द वाचल्याशिवाय सही करू नका, आणि निघण्यापूर्वी प्रत्येक बाजूचे फोटो काढा. नुकसान झालेच तर २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्यानुसार बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते.