बालाघाटच्या वाघाचे छायाचित्र

सह्याद्रीपासून पूर्वेकडे फुटलेली बालाघाट डोंगररांग धाराशिव जिल्ह्यातून जाते आणि तिच्या कुशीत, येडशीजवळ, 1997 साली घोषित झालेले येडशी रामलिंग घाट अभयारण्य आहे. जेमतेम 22 चौरस किलोमीटरच्या, उन्हाळ्यात पानगळीने उघड्या पडणाऱ्या या जंगलात डिसेंबर 2024 मध्ये ट्रॅप कॅमेऱ्याने एका नर वाघाला टिपले, आणि पट्ट्यांच्या जुळणीवरून तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून, म्हणजे सरळ रेषेत मोजले तरी तीनशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून, आल्याचे निष्पन्न झाले.

ट्रॅप कॅमेरा ही झाडाच्या बुंध्याला साधारण गुडघ्याच्या उंचीवर बांधलेली पेटी असते. समोरून उष्ण शरीर हलले की तिच्यातील अवरक्त संवेदक, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची किरणे ओळखणारा भाग, कॅमेरा चालू करतो. वाघाच्या दोन कुशींवरील पट्टे सारखे नसतात, म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक वाघाची नक्षी वेगळी असल्याने ती जुन्या चित्रांशी ताडून पाहता येते. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या ब्रिटिश वनाधिकाऱ्याने 1920 च्या दशकात वाटेवर तार ताणून वाघांकडूनच त्यांची चित्रे काढवून घेतली होती. पुढे 1990 च्या दशकात वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळेत या तंत्राला संख्याशास्त्राची जोड दिली, आणि 2018 च्या देशव्यापी गणनेत 26,838 ठिकाणी असे कॅमेरे लागले.

वन्यजीव छायाचित्रांची प्रदर्शने बहुधा शहरातील कलादालनांत भरतात आणि तेथे प्राण्याच्या देखणेपणाला दाद मिळते. ट्रॅप कॅमेऱ्याची रात्रीची चित्रे मात्र कृष्णधवल, पुष्कळदा धूसर, कधी शेपटीपुरतीच असतात. त्यांचे मोल तारीख-वेळेसह नोंदल्या गेलेल्या पुराव्यात आहे, आणि त्या पुराव्याची खरी गरज आहे ती रात्रीची वीज आली म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला निघणाऱ्या शेतकऱ्याला आणि डोंगरकडेला जनावरे चारणाऱ्या गुराख्याला. वाघाबद्दलच्या अफवेला उत्तर द्यायला याहून भक्कम साधन नाही.

श्रावणात जटायूच्या आख्यायिकेशी जोडलेल्या रामलिंगाच्या दर्शनाला दूरदूरचे भाविक याच अभयारण्यातून जातात. म्हणून वन विभागाने मंदिराच्या वाटेवर, उघड्या आभाळाखाली, वाघाबरोबरच लांडगा, कोल्हा, रानडुक्कर यांचीही चित्रे सोप्या मराठी माहितीसह मांडावीत. फक्त कॅमेऱ्यांची नेमकी ठिकाणे त्यांवर देऊ नयेत, कारण ती चोरट्या शिकाऱ्यांच्या उपयोगी पडतात.