दोघांचे दुकान, दोघांची मजुरी

'वाईन शॉप' ही पाटी वाचून आपल्याकडे कोणाच्या डोळ्यांपुढे द्राक्षे येत नाहीत. येते ती लोखंडी जाळी, जाळीतून आत गेलेली नोट आणि कागदात गुंडाळून बाहेर आलेली बाटली. आत रम असते, व्हिस्की असते, बिअर असते. वाईन मात्र शोधावी लागते. तेव्हा विषय कोणता हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर भलताच गैरसमज व्हायचा. मी लिहितो आहे ते इंग्लंडमधल्या छोट्या, स्वतंत्र, मुख्यतः वाईनच विकणाऱ्या दुकानाविषयी आणि तेही नवरा-बायकोने मिळून काढलेल्या. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकाबाहेर दारू काय करते हे ज्याने पाहिले आहे, त्याच्याकडून दारूची स्तुती कोणी अपेक्षू नये. परंतु दुकान हा श्रमाचा प्रश्न आहे. ज्या दुकानात नोकरच नाही तिथे कामगार कोण आणि त्याची मजुरी कोण देतो, हा तो प्रश्न.

इंग्लंडात वाईन बहुतेक लोक सुपरमार्केटमधून घेतात. गावोगावी वाईनची दुकाने चालविणाऱ्या मोठ्या साखळ्या होत्या, त्यांचे काय झाले पहा. थ्रेशर नावाची, हजारांहून अधिक दुकानांची साखळी २००९ साली कोसळली. ऑडबिन्स २०११ साली प्रशासकांच्या हाती गेली. जिथे मोठे बुडाले तिथे दोन माणसांनी उडी घ्यावी, हे वरवर वेडेपणाचे दिसते. पण त्यात एक हिशेब आहे. सुपरमार्केटला हजारो पेट्या एकसारख्या हव्या असतात. ज्या शेतकऱ्याच्या मळ्यात तेवढा मालच निघत नाही, त्याची बाटली तिथे पोहोचत नाही. ती बाटली छोट्या दुकानात येते. गिऱ्हाईक विचारते, 'आज घरी मासे आहेत, काय नेऊ?' त्याला उत्तर मिळते. बाटलीला बुचाचा कुबट वास आला तर दुकानदार ती मुकाट्याने बदलून देतो. म्हणजे विकले जाते ते द्राक्षाच्या रसाबरोबर दोन माणसांचे ज्ञान आणि वेळ.

परवान्याचे काम आपल्या मानाने सरळ आहे. २००३ च्या परवाना कायद्याने (तो २००५ च्या नोव्हेंबरात पुरता लागू झाला) हे काम न्यायदंडाधिकाऱ्यांकडून काढून स्थानिक कौन्सिलकडे दिले. जागेचा परवाना वेगळा, माणसाचा वेगळा. माणसाने एक परीक्षा द्यायची आणि गुन्ह्यांची नोंद तपासून घ्यायची. जागेसाठी अर्ज केला की फिकट निळ्या कागदावर सूचना छापून ती २८ दिवस दारावर लावायची आणि स्थानिक वर्तमानपत्रातही द्यायची. पोलिसांनी किंवा शेजाऱ्यांनी त्या मुदतीत रीतसर हरकत घेतली नाही, तर कौन्सिलला परवाना द्यावाच लागतो. रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही वाचता येईल अशा कागदावर धंद्याचा हेतू लिहून ठेवावा लागतो, ही गोष्ट मला आवडली. जागेच्या परवान्यावर जबाबदार म्हणून एकच नाव असते. ते नवऱ्याचे की बायकोचे, हे जोडप्याने ठरवायचे.

आता बाटलीचे पोट फाडून पाहू. समजा, तेरा टक्के अल्कोहोलची बाटली १२ पौंडांना विकली. त्यातले २ पौंड विक्रीकराचे, म्हणजे व्हॅटचे. उरले १०. फेब्रुवारी २०२५ मध्ये लागू झालेल्या दराप्रमाणे त्या बाटलीवर २ पौंड ८८ पेन्स अबकारी शुल्क होते. बाटली स्वस्त असो वा महाग, अल्कोहोल तेवढेच असेल तर शुल्कही तेवढेच. म्हणून स्वस्त बाटलीत सरकारचा वाटा मोठा आणि द्राक्षाचा लहान असतो. दुकानदाराने दहातले ३ पौंड आपल्याकडे ठेवले असे धरू. राहिले ४ पौंड १२ पेन्स. त्यात काच, बूच, जहाज, गोदाम, आयात करणारा व्यापारी आणि सरतेशेवटी, नेहमीप्रमाणेच, शेतकरी.

हे ३ पौंड म्हणजे दुकानदाराचा नफा, असे कोणी म्हणेल. थांबा. दुकान दहा तास उघडे आणि दोघेही उभे. म्हणजे दिवसाचे वीस तास श्रम झाले. एप्रिल २०२५ पासून तिथे प्रौढ कामगाराची किमान मजुरी तासाला १२ पौंड २१ पेन्स झाली. वीस तासांचे २४४ पौंड २० पेन्स होतात. तेवढे मिळवायला रोज ८२ बाटल्या खपल्या पाहिजेत, आणि अजून भाडे, वीज, विमा, फुटलेला माल यांचा एक पैसाही धरलेला नाही. चाळीस बाटल्या खपल्या तर हाती १२० पौंड येतात. भाडे त्यातूनच द्यायचे. मग दुकान चालते कसे? ज्यांची मजुरी कोणी मागत नाही अशा तासांवर चालते. असल्या दुकानाचे खरे भांडवल हे तास आहेत. बँकेच्या कागदांत ते कुठेही दिसत नाही.

कायद्याने याकडे पाठ फिरविली आहे. दोघे भागीदार असतील तर दोघेही मालक. मालकाला किमान मजुरी कसली! दुकान एकाच्या नावावर आणि दुसरे त्याच घरात राहून हातभार लावणारे असेल, तर घरच्या धंद्यात राबणाऱ्या कुटुंबीयांना त्या कायद्यातून वगळले आहे. १९९८ च्या कामाच्या तासांच्या नियमांतही, ज्यांचे तास मोजले जात नाहीत अशांच्या उदाहरणांत कुटुंबातल्या कामकऱ्यांचा उल्लेख आहे. आपण इंग्रजांना नावे ठेवायला नकोत. १९४८ च्या आपल्या मुंबईच्या दुकान कायद्यानेही मालकाच्या कुटुंबीयाला नोकराच्या व्याख्येबाहेरच ठेवले होते.

एके काळी इंग्लंडात उलटी गोष्ट होती. १९१२ च्या दुकान कायद्याप्रमाणे आठवड्यातून एका दिवशी दुपारी एकनंतर दुकान बंद करावे लागे, काही धंद्यांना सूट असली तरी. आणि हे नोकर नसलेल्या दुकानालाही लागू होते. कारण उघड आहे. एकाने दार उघडे ठेवले तर शेजाऱ्यालाही ठेवावे लागते. सर्वांनी मिळून बंद केले तरच विश्रांती मिळते. संघटनेचे मर्मही हेच. १९९४ साली ही सक्ती गेली. त्याच वर्षीच्या रविवारच्या कायद्याने मोठ्या दुकानांना रविवारी सहाच तास दिले आणि २८० चौरस मीटरपर्यंतच्या छोट्यांना पूर्ण मोकळीक दिली. छोट्यांना हे वरदान वाटले. पण सुपरमार्केट बंद असताना दुकान उघडे ठेवणे हाच फायदा असेल, तर तो रविवार घरातूनच जातो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली गिरणी कामगारांना मिळवून दिलेली रविवारची सुट्टी हे जोडपे आपल्या हाताने परत करते.

त्याच १८९० सालचा इंग्लंडचा भागीदारी कायदा आजही आहे. लेखी करार नसेल तर नफा-तोटा निम्मा-निम्मा आणि धंद्याच्या कर्जाला दोघांचीही वैयक्तिक मालमत्ता बांधलेली. मर्यादित कंपनी काढली की सुटलो, असे पुष्कळांना वाटते. पण घरमालक आणि बँक वैयक्तिक हमी मागतात आणि राहते घर पुन्हा पटावर येते. बायकोने नवऱ्याच्या धंद्याच्या कर्जासाठी सही केली आणि नंतर घर गेले, अशी कितीतरी प्रकरणे तिथल्या न्यायालयांत झाली. एट्रिज नावाच्या खटल्यात २००१ साली लॉर्डांच्या सभागृहाने बँकांना बजावले : अशा सहीपूर्वी वकिलाने पत्नीला, पती समोर नसताना, धोका समजावून सांगितला असल्याची खात्री करून घ्या. 'पती समोर नसताना' हे शब्द ज्याने लिहिले, त्याला घर म्हणजे काय ते कळत होते.

म्हणून कोणी जोडपे असे दुकान काढायला निघाले, तर पाटी रंगविण्याआधी त्यांनी एक वही घ्यावी असे मी म्हणेन. तीत रोजचे तास लिहावेत, प्रत्येकाचे वेगळे. गल्ल्यावरचे तास तेवढे लिहून चालणार नाही. पेट्या उचलणे, रात्रीचा जमाखर्च, घरातला स्वयंपाकही लिहावा, कारण दुकानाला तो लागतोच. प्रत्येकाला महिना ठराविक रक्कम द्यावी, थोडी असली तरी चालेल, पण ज्याच्या त्याच्या खात्यावर. एक वार ठरवून दार बंद ठेवावे. नाताळच्या आधीच्या गर्दीत ते जमणार नाही, हे मलाही कळते. पण जानेवारीत रस्ता ओस पडतो, तेव्हा राहिलेले वार मोजून घेता येतात.