माशांच्या पेटीचे जादा पाणी

रांजणगाव एमआयडीसीला लागून असलेल्या कारेगावात भाड्याच्या खोलीत माशांची काचपेटी ठेवायची, खाली गाळणीची दुसरी टाकी जोडायची, तर वरचे जादा पाणी खाली कसे उतरवायचे हे आधी ठरवावे.

काठावर अडकवायचा डबा मिळतो. तो वक्रनळीने पाणी ओढतो. काचेला भोक लागत नाही, म्हणून सोपा वाटतो. पण नळीत हवा शिरली की ओढ तुटते. वीज जाऊन परत आली आणि ओढ धरलीच नाही, तर पंप खालचे पाणी वर ढकलतच राहतो आणि ते फरशीवर येते. खालच्या बिऱ्हाडाशी भांडण वेगळेच! पाळीमुळे दिवसभर कुलूप असणाऱ्या घरात हा डबा नकोच.

त्यापेक्षा काचेला भोक पाडून बसवलेली नळी बरी. पाणी आपल्याच वजनाने उतरते. तोंडाला जाळी लावावी आणि शेजारी जराशी उंच दुसरी नळी ठेवावी. पहिली तुंबली तर ती उपयोगी पडते. भोक पेटी रिकामी असतानाच, काच कारागिराकडून पाडून घ्यावे. टफन काचेचा मात्र चुरा होतो.

वीज गेल्यावर थोडे पाणी खाली येणारच. दोन फूट बाय एक फूट पेटीत एक इंच पाणी म्हणजे सुमारे पावणेपाच लिटर. तेवढी जागा खालच्या टाकीत मोकळी हवी. पंपाची नळीही वर खोल बुडवू नये, तिच्यातूनही पाणी मागे ओढले जाते.