द्राक्ष, गांधीलमाशी आणि मिऱ्याचा वास

जानेवारी-फेब्रुवारीत वेलीवर लोंबणारा द्राक्षाचा घड तयार कधी होतो, सांगा बरं? नाही, ऑक्टोबरात नाही. त्याच्याही आधी, मे-जूनमध्ये. तेव्हा बागेत औषधालासुद्धा मणी सापडत नाही, नुसत्या काड्या आणि पानं. पण पानाच्या देठापाशी जो फुगीर डोळा असतो, त्याच्या आत मोहरीहून बारीक असा घड आकार घेत असतो. छाटणीआधी बागायतदार चार काड्या प्रयोगशाळेत नेतात. तिथे डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात आणि कितव्या डोळ्यात घड आहे ते सांगतात. मग त्या हिशेबाने कात्री चालते.

हे मला सांगितलं दिंडोरीकडच्या तात्यांनी. काल तुमचे आईबाबा मला ज्या वायनरीत घेऊन गेले होते ना, ती त्यांच्या घरची. तुम्हाला नेलं नाही म्हणून फुगून बसलात, पण तिथे मुलांच्या घशाखाली जाण्याजोगं काही नव्हतं. वायनरी म्हटल्यावर मोठा कारखाना डोळ्यांपुढे आणू नका. घर, मागे बाग, बागेच्या टोकाला शेड. तात्या बाग बघतात, सूनबाई टाक्या बघतात, मुलगा बाटल्या विकतो आणि हिशेब काकूंकडे. त्यामुळे घरात सगळे काकूंना वचकून!

तर युरोपात द्राक्षवेल थंडीत पानं गाळून झोपते, उन्हाळ्यात पिकते. आपल्या नाशकात तिला झोपवेल एवढी थंडी कुठली? तिला मोकळं सोडलं तर ती ऐन पावसाळ्यात फळेल आणि डाऊनी, भुरीसारखे रोग सगळं धुऊन नेतील. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात. त्या छाटणीनंतर फळ घ्यायचं नाही, काडी घ्यायची. मग ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी छाटणी, ती फळाची. वर्षातून दोनदा कात्री, पीक एकदाच. फ्रान्समधले लोक द्राक्षं तोडतात सप्टेंबरात, आपले लोक तोडतात माघात.

छाटणीनंतर घड बाहेर येतो, मणी धरतात, पण बराच काळ ते हिरवे, कडक, आंबटढाण. का? बी तयार झालेलं नसतं म्हणून. या वयात पाखराने मणी खाल्ला तर वेलीचं नुकसानच. बी पक्कं होत आलं की मग मण्यात पाणी उतरतं. बागायतदार असंच म्हणतात. मणी मऊ पडतो, रंग चढतो, साखर भरू लागते आणि आंबटपणा हटतो. रंग आणि साखर हा पाखरांना दिलेला आवतणाचा नारळ आहे, माणसाला नव्हे. खा आणि बी दूर नेऊन टाका! वाईनचं द्राक्ष हा सौदा अजून पाळतं. आपण बाजारातून आणतो ते बिनबियांचं. तात्यांनी तोंडात टाकायला दिलेला शिराझ जातीचा मणी इवलासा होता, साल जाड आणि आत बियाच बिया. पण गोडी अशी की दात शिवशिवले. सूनबाईंनी रसाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकला आणि मला उजेडाकडे धरून बघायला सांगितलं. निळी-पांढरी रेघ २३ वर. म्हणजे शंभर ग्रॅम रसात जवळपास तेवीस ग्रॅम विरघळलेलं, आणि त्यातली बहुतेक साखरच.

तोडणी पहाटेच करतात, मणी थंड असताना. आणि मग सुरू होतं दुसऱ्याच प्राण्याचं राज्य. प्राणी तरी कसं म्हणायचं, ती आहे बुरशीच्या कुळातली एकपेशीय यीस्ट. दोनशे पेशी एका ओळीत मांडल्या तर कुठे एक मिलिमीटर भरेल.

“ती येते कुठून?” बरं विचारलंस. बहुतेक वायनऱ्या हल्ली वाळवलेली यीस्ट पाकिटातून आणतात, कोमट पाण्यात जागी करून रसात सोडतात. पाकिटं नव्हती तेव्हाही वाईन होतीच. पण गंमत अशी, की न फुटलेल्या मण्यावर ही यीस्ट शोधायला गेलं तर क्वचितच सापडते. ना पाय, ना पंख, मग वेलीपर्यंत पोचते कशी? इटलीतल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं, की ती गांधीलमाशीच्या पोटात राहते. गांधीलमाशी पिकला मणी चावते, रस पिते, यीस्ट पोटात जाते. हिवाळ्यात बाकीच्या माश्या मरतात, राणी तेवढी दडून राहते आणि तिच्या आतड्यात यीस्टही. वसंतात राणी आपल्या अळ्यांना तोंडातून भरवते आणि त्या घासाबरोबर यीस्ट पुढच्या पिढीला मिळते. ती पिढी पुन्हा द्राक्षाच्या बागेत! ज्या माशीला आपण झाडूने हाकलतो, तिचे केवढे उपकार.

आता टाकी. माणसाहून उंच, स्टीलची, भोवती थंड पाणी खेळवणारी कातडी. थंड कशाला? यीस्ट साखर फोडते तेव्हा रस तापतो, आणि फार तापला की वासही उडून जातात आणि यीस्टही मरते. पांढरी वाईन पंधरा अंशांच्या आसपास ठेवतात, लाल त्याहून बरीच गरम. लाल द्राक्षाचा रस मुळात लाल नसतो बरं का. मणी दाबून बघा, आत पांढराच. रंग सालीत. म्हणून लाल वाईन सालीसकट आंबवतात, आणि उठणारा वायू साली ढकलून वर आणतो. वर हातभर जाडीचा चोथ्याचा थर बसतो. तो दिवसातून तीन-चारदा खाली रेटावा लागतो. मी हौसेने दांडा घेतला. पहिल्या रेट्याला थर हललाच नाही, दुसऱ्याला एकदम भसकन आत गेला आणि जांभळा फेस माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर. आजीने काय म्हटलं ते तुम्ही ऐकलंच आहे.

तो वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. साखरेच्या वजनातला जवळजवळ अर्धा भाग वायू होऊन उडतो, उरलेला अल्कोहोल. लिटरभर रसातून पन्नास लिटरहून जास्त वायू! तो हवेपेक्षा जड, रंग नाही, वास नाही, खाली साचून राहतो. गावाकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील सोडून बघत, ते अशाच कोंडलेल्या हवेच्या भीतीने. तात्यांकडे रिकाम्या टाकीतही कुणी एकट्याने उतरायचं नाही, हा काकूंचा कायदा.

पण यीस्ट अल्कोहोल बनवते कशाला? आपल्यासाठी? छे. हवा असताना साखर पूर्ण जाळली तर तिला कितीतरी जास्त शक्ती मिळेल. तरीही ती अर्धवट फोडते, हवा असली तरी. उधळपट्टीच म्हणा. पण त्यात डाव आहे. अल्कोहोल बाकीच्या जिवाणूंना, बुरश्यांना विष ठरतं. शेजारपाजार साफ झाला, की मग हवा मिळताच ती तेच अल्कोहोल बसून खाते. आपण टाकीला झाकण घालून हवा तोडतो आणि तिची शिदोरी पळवतो. स्पेनमधल्या हेरेस गावात मात्र पिंप मुद्दाम थोडं रिकामं ठेवतात. तिथे यीस्ट पृष्ठभागावर साय धरते, अल्कोहोल खाते आणि त्यातून शेरी नावाची वाईन होते.

मग आली चव घ्यायची वेळ. टेबलावर पेले आणि मधे एक बादली. बादली थुंकायला! होय, हसा. घोट तोंडात खेळवायचा आणि चूळ टाकायची, म्हणजे चार वाईन चाखूनही डोकं ठिकाणावर. मला ही पद्धत फार आवडली. वाईन तब्येतीला चांगली वगैरे कुणी सांगितलं तर ऐकू नका, शेवटी ती दारूच.

पहिला पेला सोव्हिन्यों ब्लांचा. नाकाशी धरला आणि चक्क हिरव्या ढोबळी मिरचीचा वास. कुणी मिरची घातलेली नाही. ढोबळी मिरचीत जो रेणू असतो तोच या द्राक्षात असतो आणि लिटरमागे काही अब्जांश ग्रॅम असला तरी आपलं नाक त्याला पकडतं. मग शिराझ. तुमची आई म्हणाली, “अय्या, काळी मिरी!” मी हुंगलं, पुन्हा हुंगलं, काही नाही. सूनबाई हसल्या. त्या वासाचं नाव रोटंडोन. काळ्या मिरीचा वास ज्याचा, तोच रेणू शिराझमध्ये आहे हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं. आणि पाचांतल्या एखाद्याला तो वास येतच नाही. तो एखादा मी! म्हणजे एकाच टेबलावर आम्ही दोन वेगळ्या वाईन पीत होतो. घोट घेतल्यावर जीभ मात्र कोरडी पडली, ती सगळ्यांचीच. साली-बियांतले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो. कच्च्या सुपारीने तोंड आवळतं, तेही टॅनिनमुळेच.

शेवटच्या बाटलीच्या बुचाला आतून चमचमते खडे चिकटले होते. गिऱ्हाइकं काच समजून तक्रार करतात, म्हणून वाईन टाकीतच गोठायच्या बेताला आणून ते खडे तिथेच बसवतात. यंदा एका टाकीचं राहून गेलं असावं. ते खडे टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे. आपल्या चिंचेचा आंबटपणा याच आम्लाचा. आणि याच आम्लाने पंचविशीतल्या लुई पाश्चरला १८४८ साली चक्रावून सोडलं. त्याच्याकडे एक क्षार होता, टार्टारिकचाच, पण द्रावणातून ध्रुवित, म्हणजे एकाच पातळीत कंप पावणारा, प्रकाश सोडला तर त्याची पातळी वळत नसे. नेहमीचा मात्र वळवी. पाश्चरने भिंगाखाली स्फटिक पाहिले तर दोन जातींचे, उजव्या आणि डाव्या हाताच्या पंजांसारखे, एकमेकांचे आरशातले जोडीदार. पठ्ठ्याने चिमट्याने एकेक वेचून दोन ढिगाऱ्या केल्या. एकीचं द्रावण प्रकाशाची पातळी उजवीकडे वळवी, दुसरीचं तितकाच डावीकडे. एकत्र असले की फिट्टंफाट! या विद्येतले जुनेजाणते शास्त्रज्ञ, म्हाताऱ्या बिओ साहेबांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी पाश्चरला आपल्यासमोर सगळं पुन्हा करायला लावलं.

“मग चिंचेतलं कुठलं?” उजवीकडे वळवणारं. द्राक्षातलंही तेच. वेल वेगळी, झाड वेगळं, पण हात एकच. डावं कसं दिसतं ते बघायला प्रयोगशाळेतच जावं लागेल. आणि उजव्यासाठी आजीच्या बरणीत हात घालायचा विचार असेल, तर माझं नाव पुढे करू नका, सदऱ्याचं प्रकरण अजून मिटलेलं नाही.