दोनातुस-पंथ आणि धर्माधिकाऱ्याच्या शुद्धतेचा प्रश्न

धर्मसंस्काराचे फल तो करणाऱ्याच्या शीलावर अवलंबून असते काय, हा प्रश्न चौथ्या शतकात रोमन अमलाखालील उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्ती समाजात तीव्र झाला. इ. स. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशन याने ख्रिस्ती धर्मग्रंथ जाळण्याची आज्ञा काढली. ज्यांनी भयापोटी ग्रंथ राजपुरुषांच्या हवाली केले, त्यांस ‘त्रादितोर’, म्हणजे हवाली करणारे, असे निंदाव्यंजक नाव पडले. पुढे सीसिलियन कार्थेजचा बिशप झाला, तेव्हा त्यास दीक्षा देणारा फेलिक्स ‘त्रादितोर’ असल्याचा आक्षेप घेऊन विरोधकांनी निराळा बिशप नेमला. चौकशीत फेलिक्स निर्दोष ठरला. परंतु दोनातुसच्या नेतृत्वाखाली विरोधी पक्ष दृढमूल झाला. कलंकित हातांनी दिलेला बाप्तिस्मा व्यर्थ होय, असे मानून हा पक्ष आपल्याकडे येणाऱ्यांस पुन्हा बाप्तिस्मा देई.

आर्ल येथील धर्मपरिषदेने ३१४ मध्ये हे मत अमान्य केले. त्यास तात्त्विक उत्तर दिले ते हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने. संस्काराचा खरा कर्ता ख्रिस्त असून धर्माधिकारी केवळ निमित्त होय. म्हणून त्याच्या दोषाने संस्कार बाधित होत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. हाच सिद्धांत पाश्चात्त्य चर्चमध्ये रूढ झाला.

तथापि वादाचा निकाल केवळ युक्तिवादाने लागला नाही. ४११ मध्ये कार्थेज येथील परिषदेत सम्राटाच्या प्रतिनिधीने दोनातुस-पंथाविरुद्ध निर्णय दिला. ४१२ मध्ये त्या पंथीयांवर दंड बसविण्यात आला. आरंभी बळजबरीस प्रतिकूल असलेल्या ऑगस्टीननेही पुढे तिचे समर्थन केले. राजाज्ञेने जन्मास घातलेला वाद अशा रीतीने पुन्हा राजाज्ञेच्याच आश्रयास गेला.