मालवाहू पिकअप गाडीच्या ब्रेकची थरथर : कारणे, परीक्षा व उपाय

शेतमाल बाजारपेठेत पोहोचविण्याचे जे काम पूर्वी बैलगाडी करीत असे, ते आज बहुतेक गावांत पिकअप गाडी करते. नाशिककडील भाजीपाला कसारा घाट उतरून मुंबईकडे जातो, तर जुन्नर भागातील काही माल माळशेज घाटाने कल्याणकडे उतरतो. तोडलेला भाजीपाला थांबून राहत नाही. म्हणून गाडी बहुधा रात्रीच निघते, भरलेली निघते, आणि उतारावर चालकाचा सारा भरवसा ब्रेकवर असतो.

ब्रेक दाबताच स्टिअरिंग हादरू लागणे, पेडल पायाखाली धडधडणे किंवा सारी गाडी थरथरणे ही यंत्राने दिलेली पूर्वसूचना होय. पुष्कळ ठिकाणी ‘डिस्क वाकली’ एवढेच निदान करून डिस्क घासून आणली जाते. थरथर तात्पुरती थांबते व काही महिन्यांत पुन्हा सुरू होते, कारण मूळ दोष जागच्या जागी राहिलेला असतो. यास्तव थरथरीचे मूळ कसे शोधावे, हे गाडीमालकांनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

थरथर कशी उत्पन्न होते

बहुतेक पिकअप गाड्यांना पुढील चाकांवर डिस्क ब्रेक व मागील चाकांवर ड्रम ब्रेक असतात. डिस्क ही चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी होय. पेडल दाबले म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटतात. ड्रममध्ये लायनर लावलेले दोन जोड आतून बाहेर फाकतात व फिरत्या ड्रमला घासतात.

डिस्कची जाडी सर्वत्र सारखी असेल तर पॅडची पकडही सारखी राहते. एका जागी ती किंचित जाड व दुसऱ्या जागी किंचित पातळ झाली, तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात पकड एकदा घट्ट व एकदा सैल होते. हाच धक्का स्टिअरिंगमध्ये उतरतो आणि ऑइलच्या मार्गाने पेडलपर्यंत पोहोचतो. साध्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. तिच्या पाचव्या हिश्श्याएवढा, म्हणजे ०.०२ मिलिमीटर इतका फरकही थरथर उत्पन्न करण्यास पुरेसा ठरतो. म्हणून असा दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

हा फरक येतो कोठून, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पंक्चर काढताना वा टायर बदलताना नट वाकडेतिकडे आवळले गेले, अथवा हब व डिस्क यांच्यामध्ये गंज किंवा माती राहिली, तर डिस्क हबवर किंचित तिरपी बसते. ती फिरताना डावीउजवीकडे डोलते. त्या दिवशी चालकाला काहीच जाणवत नाही. परंतु ब्रेक दाबलेला नसतानाही डोलणाऱ्या डिस्कचा एकच भाग पॅडला हलकेच घासत राहतो. हजारो किलोमीटर धावल्यावर तो भाग झिजून पातळ होतो आणि मग थरथर सुरू होते. चूक टायर बदलण्याच्या दिवशी घडते व तिचे फळ काही महिन्यांनी दिसते. म्हणून दोघांचा संबंध सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

याखेरीज, जोराने ब्रेक लावून गाडी थांबवल्यावर पेडल तसेच दाबून धरले, तर तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एका जागी चिकटतो. त्याचप्रमाणे तापलेल्या ड्रमवर हॅण्डब्रेक ओढून गाडी उभी केल्यास थंड होताना ड्रमची गोलाई बिघडण्याचा संभव असतो. हंगाम संपल्यावर दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंज चढतो. वरवरचा गंज पाच-दहा वेळा ब्रेक लावल्याने निघून जातो. परंतु खोल खड्डे पडले असल्यास थरथर कायम राहते.

थरथर केव्हा व कोठे जाणवते

प्रथम पाहावे ते हे, की थरथर ब्रेक लावल्यावरच होते किंवा न लावताही होते. ब्रेक न लावता ठराविक वेगाला गाडी थरथरत असेल, तर दोष बहुधा टायर, रिम किंवा चाकाच्या बॅलन्सिंगमध्ये असतो. शेतरस्त्यावरील काळी माती रिमच्या आतील बाजूस चिकटून वाळली, तर तेवढ्यानेही चाकाचा तोल जातो. अशी माती खरवडून, रिम धुऊन पाहणे हा बिनखर्चाचा पहिला उपाय होय.

ब्रेक लावल्यावरच थरथर होत असेल, तर पुढील खुणा उपयोगी पडतात.

१. स्टिअरिंग डावीउजवीकडे हादरत असेल, तर दोष बहुधा पुढील चाकांत असतो.

२. स्टिअरिंग स्थिर राहून बैठक व मागील हौदा हादरत असेल, तर मागील ड्रमची गोलाई बिघडली असण्याचा संभव अधिक.

३. पेडल पायाखाली संथपणे वरखाली होत असेल व गाडीच्या वेगाबरोबर ती धडधड कमी होत जात असेल, तर डिस्कची जाडी किंवा ड्रमची गोलाई सारखी राहिलेली नाही असे समजावे.

४. ज्या गाडीत एबीएस यंत्रणा आहे, तीत जोराने ब्रेक लावताच पेडल जलद थरथरले, तर तो दोष नव्हे. चाक घसरू नये म्हणून यंत्रणा काम करीत असल्याची ती खूण आहे. मात्र साध्या, हलक्या ब्रेकलाही असे होऊ लागल्यास तपासणी करावी.

उभ्या गाडीची तपासणी

रस्त्यावर परीक्षा घेण्यापूर्वी गाडी उभी असतानाच तपासणी करावी. सपाट व कठीण जमिनीवर गाडी रिकामी करून उभी करावी. जॅक लावण्यापूर्वी जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावे. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

सर्वांत आधी चाकांचे नट पाहावे. नट सैल झाल्यानेही थरथर होते आणि हा दोष सर्वांत भयंकर आहे, कारण त्याचा शेवट चाक निखळण्यात होतो. त्यानंतर पुढील चाक उचलून ते वर व खाली हातांनी धरून हलवावे. ते खुळखुळत असल्यास बेअरिंग किंवा बॉल जॉइंट झिजलेला असू शकतो. डावीउजवीकडे धरून हलवले असता खुळखुळत असल्यास स्टिअरिंगचे सांधे तपासावे. झिजलेले बुश व सैल झालेले सांधे स्वतः थरथर निर्माण करतातच असे नाही. परंतु ब्रेकमधील लहानसा दोष ते मोठा करून दाखवतात. मागील बाजूस कमानपाटे व त्यांचे यू बोल्टही पाहावे.

चाक हाताने फिरवून पाहावे. ते एका जागी अडखळत असेल तर डिस्क किंवा ड्रम सरळ फिरत नाही. सर्वत्रच जड फिरत असेल, तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना गंजून अडकल्या असण्याचा संभव आहे. पुराच्या पाण्यातून किंवा चिखलातून गेलेल्या गाडीत हा दोष पुष्कळदा आढळतो. ब्रेकमधील भुकटी तोंडाने वा हवेच्या पंपाने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते व ते फुप्फुसांस घातक आहे. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी.

मोकळ्या जागेवरील परीक्षा

नट घट्ट आहेत व ब्रेक नीट धरतात याची खात्री झाल्यावरच ही परीक्षा घ्यावी. ती रिकाम्या गाडीने, सपाट, कोरड्या व रहदारी नसलेल्या जागी करावी. गाडी मध्यम वेगाला आणून पेडल हलके व सारखे दाबावे आणि थरथर कोठे जाणवते ते पाहावे.

हॅण्डब्रेक मागील चाकांवर काम करीत असेल, तर आणखी एक परीक्षा घेता येते. ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने जाताना हॅण्डब्रेकचे बटण दाबून धरून तो हळूहळू ओढावा. थरथर झाली तर दोष मागील ड्रममध्ये आहे. न झाल्यास पुढील चाकांकडे लक्ष द्यावे. काही गाड्यांत हॅण्डब्रेक चाकांवर नसून प्रोपेलर शाफ्टवर असतो. अशा गाडीत ही परीक्षा करू नये.

काही किलोमीटर चालवून गाडी थांबविल्यावर प्रत्येक चाकाजवळ, स्पर्श न करता, हात न्यावा. एकाच ॲक्सलवरील दोन चाकांपैकी एक विशेष तापलेले असेल, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही असे समजावे.

गॅरेजमध्ये काय करून घ्यावे

एवढी माहिती घेऊन गाडी गॅरेजमध्ये नेल्यास कारागिराचे काम सोपे होते. डिस्क घासण्यापूर्वी ती डायल गेजने मोजण्यास सांगावे. डिस्कचे डोलणे किती चालेल हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ते बहुधा ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. डोलणे अधिक भरल्यास डिस्क काढून हबचा गंज ब्रशने घासून काढावा, डिस्क पुन्हा बसवून मोजावी. पुष्कळदा दोष हबच्या गंजातच सापडतो.

डिस्कची जाडी मायक्रोमीटरने निदान सात-आठ ठिकाणी मोजावी. डिस्कवर किमान जाडी व ड्रमवर कमाल व्यास बहुधा कोरलेला असतो. त्या मर्यादेपलीकडे गेलेला भाग घासून वापरू नये, नवा घालावा. एका बाजूचे पॅड वा लायनर बदलताना त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या बाजूचेही बदलावे.

चाक बसविताना नट एक सोडून एक किंवा समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळावे व शेवटी पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात टॉर्क पान्याने घट्ट करावे. हवेच्या बंदुकीने एकामागून एक नट पूर्ण आवळण्याची रीत सोडून द्यावी. सुमारे १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासावे.

घाट उतरताना घ्यावयाची काळजी

इगतपुरीहून कसाऱ्यास उतरताना सुमारे ३०० मीटरचा उतार लागतो. वीस किलोचे ७५ क्रेट भरले म्हणजे माल दीड टन होतो. गाडीचे वजन धरून एकूण भार ३ टनांच्या घरात जातो. एवढा भार ३०० मीटर खाली आणताना जी उष्णता निर्माण होते, तिच्यावर सुमारे ३० लिटर साधे पाणी उकळू शकेल. चालकाने केवळ ब्रेकवर गाडी उतरवली, तर यातील बहुतेक उष्णता चार चाकांच्या ब्रेकला सोसावी लागते.

यास्तव उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा, म्हणजे इंजिन गाडीला आवरून धरते. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे हे जिवावरचे धाडस होय. ब्रेक सतत घासत न ठेवता थोडा वेळ ठाम लावून सोडावा. तापलेल्या डिस्कवर वा ड्रमवर पाणी ओतू नये. त्याने तडे जाण्याचा संभव असतो. नोंदणी पुस्तकातील मर्यादेपेक्षा अधिक माल भरू नये.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ जातीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते व पेडल पोकळ जाऊन तळास लागते. म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत ऑइल बदलावे.

गाडी बाहेर काढू नये अशी लक्षणे

पेडल मऊ लागणे वा खाली जाणे, ब्रेक लावताच गाडी एका बाजूस ओढली जाणे, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, ब्रेक ऑइलची पातळी घटणे, जळका वास येणे किंवा नट सैल आढळणे — यांपैकी एकही लक्षण थरथरीबरोबर दिसल्यास माल दुसऱ्या गाडीने पाठवावा. एका खेपेचा तोटा भरून काढता येतो. घाटात झालेल्या अपघाताची भरपाई होत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील गाडीमालकांना एकत्र करून नट आवळण्याची योग्य रीत व वरील तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. टायर बदलल्याची तारीख व किलोमीटरचा आकडा वहीत लिहून ठेवण्याची सवय लावावी. पुढे थरथर सुरू झाल्यास तिचे मूळ शोधण्यास ही नोंद फार उपयोगी पडते.