ज्यांचे गोत्र ठाऊक नाही, त्यांचे तर्पण

अयोध्येला किंवा नैमिषारण्याला निघालेला मराठी यात्रेकरू बहुधा लखनौच्या चारबाग स्थानकावर उतरतो. १९१४ साली पायाभरणी झालेली ही लाल-पांढरी, घुमटाकार छत्र्यांची इमारत पाहून प्रथमदर्शनी तो एखादा राजवाडाच वाटावा. रुळांच्या मधोमध खम्मन पीर यांची मजार आहे आणि गुरुवारी तेथे सर्व धर्मांचे लोक फुले घेऊन जातात. यात्रेकरूला मात्र पुढची गाडी गाठायची घाई असते. स्थानकापासून जवळच असलेल्या कालव्याकडे तो सहसा पाहत नाही, आणि पाहावे असे आज त्यात काही राहिलेलेही नाही. नवाब गाजीउद्दीन हैदर याच्या नावाने ओळखला जाणारा हा कालवा आता नाल्याच्या अवस्थेला पोचला आहे.

या कालव्यावरील चारबागच्या पुलाशी २५ सप्टेंबर १८५७ रोजी घनघोर लढाई झाली. हॅवलॉक आणि औट्रॅम यांचे सैन्य येथूनच शहरात घुसले. रेसिडेन्सीत वेढल्या गेलेल्या आपल्या माणसांपर्यंत त्यांना पोचायचे होते. त्या एका दिवशी त्यांचे पाचशेहून अधिक लोक ठार वा जखमी झाले. पूल राखणारे किती पडले, याची नोंद त्यांच्याइतक्या काटेकोरपणे कोणी ठेवली नाही. वाचकहो, या लेखाचा विषय लढाई नाही. जे लढले ते शस्त्र हाती घेऊन लढले आणि त्यांचे गुणगान करणारे दोन्हीकडे आहेत. ज्यांनी शस्त्र उचलले नव्हते आणि तरीही जे मेले, त्यांच्यासाठी आपण शोक करावा की नाही, आणि करावा तर कोणी कोणासाठी, एवढाच प्रश्न येथे मांडावयाचा आहे.

पुलापासून चार-पाच किलोमीटरवर रेसिडेन्सीचे भग्नावशेष आहेत. वेढा पडला तेव्हा आत सुमारे तीन हजार माणसे होती. त्यांपैकी बाराशेहून अधिक स्त्रिया, मुले, नोकरचाकर अशी न लढणारी माणसे होती. आणि लढणाऱ्यांतही सातशेच्या आसपास हिंदी शिपाई होते. वेढा नुकताच पडला होता, तोच १ जुलै रोजी एक तोफगोळा आत आला आणि कर्नल पामर यांची तरुण कन्या त्यात मरण पावली. ती विशीही न ओलांडलेली मुलगी. अवधचे राज्य खालसा करण्याचा निर्णय कोणी घेतला, काडतुसांना कोणती चरबी लावली होती, यांपैकी कशाचाही निवाडा तिच्या हाती नव्हता. तिच्या नावाचा दगड मात्र तेथे आहे, आणि आजही प्रवासी तो वाचून क्षणभर थांबतात.

आता दुसरे मरण पाहा. मार्च १८५८ मध्ये लखनौ इंग्रजांच्या हाती पडले. ‘टाइम्स’ या लंडनच्या वृत्तपत्राचा वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल त्या सैन्याबरोबर होता. आपल्या रोजनिशीत त्याने अधिकाऱ्यांकडून कळलेली एक हकीकत नोंदवून ठेवली आहे. एक काश्मिरी मुलगा एका आंधळ्या म्हाताऱ्याला हाताला धरून चौकीपाशी आला आणि अभय मागत एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पाया पडला. अधिकाऱ्याने पिस्तूल काढून त्याच्या डोक्यावर रोखले. चाप ओढला, पिस्तूल उडाले नाही. पुन्हा ओढला, पुन्हा उडाले नाही. प्रत्येक वेळी हात आवरण्याची संधी त्या माणसाला मिळत होती. सोबतचे लोक ‘लाज, लाज’ म्हणून ओरडत होते. अखेरीस गोळी सुटली आणि मुलगा तेथेच पडला. त्याचे नाव रसेलने दिलेले नाही, बहुधा कोणी विचारलेच नसावे. त्याच्या नावाचा दगड कोठेही नाही. त्या म्हाताऱ्याचे पुढे काय झाले, हेही या हकीकतीत येत नाही.

पामर यांच्या मुलीसाठी इंग्रजाने रडावे आणि काश्मिरी मुलासाठी आपण, अशी वाटणी सोयीची असते खरी. परंतु अशी वाटून घेतलेली आसवे पुढे कोठे जातात, ते पाहण्यासाठी चारबागहून गाडी पकडून पाऊणशे किलोमीटरवरील कानपूरला जावे लागेल.

कानपूरचा विषय मराठी माणसाला अवघड वाटतो. ब्रह्मावर्ताचे नानासाहेब पेशवे आपले. त्यांच्यावरील अन्याय खरा होता आणि त्यांच्याविषयी आपल्या मनात आदर आहे. कदाचित म्हणूनच १५ जुलै १८५७ च्या संध्याकाळी बिबीघर या इमारतीत सुमारे दोनशे इंग्रज स्त्रिया-मुलांची कत्तल झाली, हे वाक्य आपण घाईने वाचून पान उलटतो. हुकूम कोणाचा होता, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु ज्या शिपायांना ते काम सांगितले, त्यांनी स्त्रिया-मुलांवर गोळ्या झाडण्याचे नाकारले, आणि शेवटी बाजारातून खाटीक आणावे लागले, इतके सर्वसाधारणपणे मान्य आहे. दुसऱ्या दिवशी प्रेते विहिरीत टाकण्यात आली. लखनौच्या चौकीवर ‘लाज’ म्हणून ओरडणारे इंग्रज आणि बिबीघरापाशी बंदुका खाली करणारे शिपाई, यांची नावे इतिहासाने सांभाळली नाहीत. मला तर त्या साऱ्या युद्धात हीच माणसे सर्वांत जवळची वाटतात.

बिबीघर आकाशातून पडले नव्हते. त्याआधी जून महिन्यात वाराणसी व अलाहाबाद येथे कर्नल नील याच्या अमलाखाली माणसे फासावर लटकवली गेली, आणि अलाहाबादहून कानपूरकडे येणाऱ्या रस्त्यावरची गावे जाळली गेली. त्या वार्ता कानपुरात पोचल्या होत्या. पुढे इंग्रज सैन्याने बिबीघरातील रक्त पाहिले, आणि कैद्यांना फासावर देण्यापूर्वी ते चाटायला लावण्यापर्यंत नीलची मजल गेली. चारबागच्या पुलावरून शहरात शिरलेल्या सैन्यात हाच नील होता. त्याच दिवशी लखनौच्या रस्त्यात गोळी लागून तो मेला. १६ नोव्हेंबर रोजी लखनौच्या सिकंदरबागेत सैनिक चाल करून गेले, ते ‘कानपूर आठवा’ अशी आरोळी देत. तेथे सुमारे दोन हजार हिंदी शिपाई पडले. पुढच्या वर्षी फेलिचे बेआतो याने घेतलेल्या छायाचित्रात त्या वास्तूच्या अंगणात पांढरी हाडे विखुरलेली दिसतात. बिबीघरातील मुलांना सिकंदरबागेतील शिपायांनी मारले होते काय? आरोळी देणाऱ्यांपैकी कोणी तो प्रश्न विचारला नाही. गावे जाळल्याचा शोक कानपुरात वापरला गेला, कानपूरचा शोक लखनौत. मेलेल्या मुलांचे नाव घेऊन जिवंत माणसे मारली गेली, आणि मुलांसाठी खऱ्या अर्थाने रडावयास कोणालाच उसंत मिळाली नाही.

या काळाकडे पाहण्याची दुसरी एक दृष्टी मराठीतच आहे. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवण्याच्या आशेने काकांबरोबर उत्तरेत गेले आणि नेमके १८५७ च्या वणव्यात सापडले. एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडली तेव्हा ते शहरातच होते. राणी लक्ष्मीबाईंविषयी त्यांच्या मनात अपार आदर, यात शंका नाही. तरीही ‘माझा प्रवास’ वाचताना ध्यानात राहतात ती घराघरांतून मारलेली साधी माणसे, लपण्याची जागा शोधणारे गृहस्थ आणि रस्त्यातच पेटलेल्या चिता. भटजींनी कोणत्याही बाजूची वकिली मांडलेली नाही. घरी परत गेल्यावर, पुष्कळ वर्षांनी, पाहिले ते लिहून ठेवले. चिंतामणराव वैद्य यांनी ते पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध केले. घरात ते असेल तर मुलांना त्यातील झाशीचे प्रकरण अवश्य वाचून दाखवावे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. सर्वांसाठी सारखेच रडायचे म्हणजे सर्वांना सारखेच ठरवायचे काय? कंपनीने १८५६ च्या फेब्रुवारीत अवध गिळंकृत केले, तो उघड अन्याय होता. आणि आपल्या भूमीसाठी उठलेल्या माणसाला घुसखोराच्या पंक्तीला बसवणे हा दुसरा अन्याय होईल. हे मान्य करूनच पुढे जायचे आहे. युद्ध न्यायाचे की अन्यायाचे, हा निवाडा बुद्धीने करावयाचा असतो आणि तो चुकवू नये. शोकाला त्या निवाड्याची वाट पाहावी लागत नाही, एवढेच म्हणणे आहे.

आपल्या परंपरेने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. महाभारतातील स्त्रीपर्व पाहावे. युधिष्ठिराने युद्ध जिंकले आहे, त्याचा पक्ष धर्माचा होता असे व्यासांचेही मत आहे. परंतु विजयानंतर तो करतो काय? ज्यांना कोणी वाली उरला नाही, त्यांची प्रेते वाऱ्यावर पडू नयेत, म्हणून विदुर, धौम्य, संजय आदींना सांगून दोन्ही सैन्यांतील अशा हजारो मृतांचे दहन करवतो. मग सारे गंगेवर जलदानासाठी येतात आणि तेथे कुंती सांगते की कर्ण तुमचा थोरला भाऊ होता. पांडवांनी शत्रू म्हणून मारलेला माणूस पाण्याच्या काठावर भाऊ निघाला. गांधारीही केवळ आपल्या शंभर पुत्रांसाठी रडत नाही. अभिमन्यूच्या देहाशी बसलेली उत्तरा तिला दिसते आणि तिच्यासाठीही ती विलाप करते. दुर्योधनाचे वागणे बरोबर होते, असे यामुळे कोणीही म्हटलेले नाही.

लखनौला शोकाचे शहर म्हटले तरी चालेल. मीर अनीस आणि मिर्झा दबीर यांनी करबलेच्या शोकाचे मर्सिये याच शहरात लिहिले. मोहरमचा शोक पक्षरहित आहे असे म्हणता येणार नाही. तेथे हुसेन कोणत्या बाजूला आणि यझीद कोणत्या, याविषयी काडीमात्र संदिग्धता नाही. पण त्या दिवसांत गल्लोगल्ली सबील लागतात. करबलेत तहानेने तळमळलेल्या मुलांच्या स्मरणार्थ घातलेली ती पाणपोई असते, आणि तेथे पाणी पिणाऱ्याला त्याचा धर्म कोणी विचारत नाही. महाराष्ट्रातही ताबुतांच्या दिवसांत हिंदू घरांतून नवस बोलले जात आले आहेत, हे जुन्या वाचकांना सांगावयास नको.

दूरदेशीचे एक उदाहरण थोडक्यात देतो. जपानच्या ओकिनावा बेटावर १९४५ च्या लढाईत बळी पडलेल्यांचे स्मारक १९९५ साली उभे राहिले. काळ्या शिलांवर दोन लाख चाळीस हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत: बेटावरचे रहिवासी, जपानी सैनिक, अमेरिकन, ब्रिटिश, कोरियन, तैवानी. ज्यांनी मारले आणि जे मेले, ते एकाच अंगणात आहेत. लखनौत १९५७ साली, उठावाच्या शताब्दीनिमित्त, रेसिडेन्सीसमोर गोमतीकाठी शहीद स्मारक उभारण्यात आले. ते व्हायलाच हवे होते. तथापि काश्मिरी मुलगा शहीद नव्हता, आणि पामर यांची मुलगीही नव्हती. ती दोघे नुसती मेली.

अशांसाठी आपल्या पंचांगात एक दिवस आहे. भाद्रपद वद्य चतुर्दशी, सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी. घातचतुर्दशी हे तिचे नाव. पंचांगात तिच्यापुढे ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असे छापलेले असते. शस्त्राने ज्यांना मरण आले त्यांचे श्राद्ध त्या दिवशी करतात. शस्त्र कोणाचे, हे शास्त्राने विचारलेले नाही. नित्य तर्पणाचा विधीही आपल्या पितरांपाशी थांबत नाही. देव, ऋषी, यक्ष, नाग, वृक्ष, पशुपक्षी, आणि शेवटी ज्यांना पाणी देणारे कोणीच उरले नाही तेही त्यात येतात. व्यवहारात ‘तिलांजली देणे’ याचा अर्थ आपण सोडून देणे असा करून टाकला आहे; मुळात ती ओंजळभर पाण्याची आणि चिमूटभर काळ्या तिळांची आठवण आहे.

त्या दिवशी घरात कोणी तर्पण करीत असेल, तर आपल्या माणसांनंतर एक ओंजळ अधिक सोडण्यास कोणताही खर्च नाही. दक्षिणेकडे तोंड करून, अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून पाणी सोडावे. मुले विचारतील, हे कोणासाठी? सांगावे, लखनौच्या एका मुलासाठी आणि एका मुलीसाठी. ती कोणाच्या बाजूची होती असा पुढचा प्रश्न आला, तर त्यांची गोष्ट जशी घडली तशी सांगावी आणि उत्तर मुलांवर सोपवावे. संकल्पात नाव आणि गोत्र लागते, मग परक्यांचे काय करायचे, अशी शंका घरातील वडीलधारे काढतील. त्याची सोयही जुन्या लोकांनी करून ठेवली आहे. ज्याचे गोत्र ठाऊक नाही, त्याचे गोत्र काश्यप मानावे, असा संकेत आहे. त्या संकेताने कर्नल पामर यांची कन्या आणि तो काश्मिरी मुलगा एकाच गोत्राचे ठरतात.